उलटलेला दोन

वस्तू लहान करण्याचा माणसाला मोठा सोस आहे. आमच्या बालपणी रेडिओ म्हणजे भिंतीवरच्या फळीवर विराजमान होणारे एक प्रस्थ होते. पुढे तो खिशात मावू लागला. घरातले घड्याळ मनगटावर आले. आम्हीही उतारवयात अशीच एक वस्तू लहान करावयास निघालो होतो. दोन काड्यापेट्या शेजारी शेजारी ठेवाव्यात, एवढ्या जागेत ती अखेर बसली. परंतु त्या खटाटोपात एका रविवारी संध्याकाळी वसईच्या आमच्या घरात जो धमाका झाला, त्याचा आवाज अजून कानांतून गेलेला नाही. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे बरेच दिवस मनात होते.

आमचे थोरले बंधू मुंबईतील एका कारखान्यात मापनयंत्रे दुरुस्त करीत. १९८४ साली तेथील एक जुने रशियन यंत्र मोडीत निघाले, तेव्हा त्यातील सहा काचेच्या नळ्या त्यांनी रीतसर मागून घेतल्या आणि कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यातून घरी आणल्या. त्यांचे घड्याळ करावयाचे असा त्यांचा बेत होता. त्यासाठी त्यांनी सागवानी लाकडाची एक देखणी पेटीही स्वतःच्या हातांनी बनविली. वरच्या अंगाला सहा लंबगोल खिडक्या, कोपरे असे जुळवलेले की नख शिरू नये. पण घड्याळ काही झाले नाही. ते का झाले नाही, हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही. २०१९ साली ते गेले. त्यानंतर तीन वर्षांनी वहिनींनी माळ्यावरची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी ती पेटी आणि तो डबा निघाला. नळ्या जशाच्या तशा होत्या.

संगणकाच्या व्यवसायात असलेला आमचा पुतण्या त्या नळ्या पाहून हरखला. "काका, बाबांचे घड्याळ आपण पुरे करू," तो म्हणाला. आम्ही जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकविलेले. निवृत्तीनंतर हातांना काम हवेच होते. आम्ही होकार दिला. अट एकच ठरली : पेटीला करवत लावावयाची नाही. जे काही करावयाचे ते त्यांनी ठेवलेल्या जागेतच बसले पाहिजे.

ज्या वाचकांनी ही नळी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. तिचे नाव निक्सी. अमेरिकेतील बरोज कंपनीने ती १९५५ च्या सुमारास बाजारात आणली. काचेच्या आत शून्यापासून नऊपर्यंतचे दहा आकडे तारेचे किंवा पातळ पत्र्याचे कापून एकामागे एक उभे केलेले असतात. त्यांच्या पुढे बारीक जाळी असते आणि भोवती कमी दाबाचा निऑन वायू. जाळी व एखादा आकडा यांच्यामध्ये पुरेसा विद्युतदाब दिला की त्या आकड्याच्या अंगालगत नारिंगी प्रकाशाचे वेष्टन उमटते. तार तापत नाही, जळत नाही, वायूच उजळतो. दिव्याच्या ज्योतीसारखा तो रंग डोळ्यांना निववितो. १९७० नंतर स्वस्त प्रकाशक डायोड आले आणि निक्सी मागे पडली. अलीकडे चेक प्रजासत्ताकात दालिबोर फार्नी या कारागिराने ती नव्याने घडविण्यास आरंभ केला आहे; एरवी जगभरचे हौशी लोक जुन्या साठ्यांवरच आपली भूक भागवितात.

आमच्या नळ्या आयएन-१२ जातीच्या होत्या. आकड्याची उंची १८ मिलिमीटर. या जातीची एक गंमत आहे. तिच्यातला पाच हा खरा पाच नाही; दोनचाच आकडा उलटा करून तेथे बसविलेला आहे. एकदा ध्यानात आले की पुन्हा पुन्हा तेच दिसते. पुतण्या हसून म्हणाला, "काका, काटकसर केली आहे!" आम्हीही हसलो. काटकसरीविषयी आणखी शिकावयाचे होते, ते तेव्हा ठाऊक नव्हते.

निक्सीची अडचण तिच्या भुकेत आहे. खाते अगदी थोडे, पण ताट उंचावर लागते. एका नळीला अडीच मिलिअँपिअर एवढाच प्रवाह पुरतो. मात्र ती पेटण्यासाठी सुमारे १७० व्होल्टचा दाब हवा. एकदा पेटली की तिच्यावरचा दाब १४० च्या आसपास उतरतो आणि तिला आवरले नाही तर ती वाटेल तेवढा प्रवाह ओढू लागते. म्हणून प्रत्येक नळीच्या वाटेत एक रोधक बसवावा लागतो. आम्ही १८० व्होल्ट धरले. उरलेल्या ४० व्होल्टला अडीच मिलिअँपिअरने भागले की सोळा किलोओहम येतात; बाजारात मिळणारा पंधराचा रोधक आम्ही निवडला. सहा नळ्यांचा मिळून प्रवाह पंधरा मिलिअँपिअर, म्हणजे पावणेतीन वॉट. रात्री उशाशी ठेवावयाच्या मंद दिव्याएवढी ही शक्ती. पण ती १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधून काढून १८० व्होल्टवर चढवावयाची होती.

जुन्या पद्धतीने हे काम रोहित्र करते. परंतु आपल्या विजेच्या ५० आवर्तनांवर एवढी शक्ती वाहणारे रोहित्र मुठीएवढे होते, आणि पेटीत जागा होती दोन बोटे उंचीची. येथे वसईच्या जुन्या माणसांना रहाट आठवावा. विहिरीचे पाणी बागेत पोहोचवावयाचे, तर रहाट सावकाश फिरत असेल तेव्हा लोटे मोठे लागतात. तोच भरभर फिरला तर लहान लोटेही तेवढेच पाणी देतील. सेकंदाला ५० फेऱ्यांऐवजी ५० हजार फेऱ्या केल्या, तर मुठीएवढ्या लोखंडाचे काम कोटाच्या गुंडीएवढे फेराइटचे वेटोळे करते. वस्तू लहान होण्याचे रहस्य एवढेच आहे.

दाब चढतो कसा, तेही सोपे आहे. नळातून पाणी जोरात वाहत असताना तोटी एकदम बंद केली तर भिंतीतला नळ धाडकन हादरतो. वाहत्या पाण्याला थांबणे मानवत नाही. वेटोळ्यातून वाहणाऱ्या विजेचा स्वभावही तसाच. आमच्या मंडलात १०० मायक्रोहेन्रीचे वेटोळे होते. मॉस्फेट नावाचा विजेचा दरवाजा सुमारे नऊ मायक्रोसेकंद उघडा राही. तेवढ्यात १२ व्होल्टच्या जोरावर वेटोळ्यातील प्रवाह एक अँपिअरच्या वर जाई. मग दरवाजा खाडकन बंद. कोंडलेला प्रवाह उसळी घेऊन डायोडच्या वाटेने कॅपॅसिटरमध्ये शिरे आणि मायक्रोसेकंदाच्या दोनतृतीयांशाएवढ्या अवधीत रिता होई. पुन्हा दरवाजा उघडे. दाब १८० झाला की नाही हे पाहावयास एमसी ३४०६३ ही चिमुकली चकती नेमलेली. तिला १८० व्होल्ट पेलवत नाहीत; म्हणून दोन रोधकांची साखळी करून, वर ९४० किलोओहम आणि खाली साडेसहा, त्या दाबाचा केवळ सव्वा व्होल्टचा अंश तिला दाखवावयाचा. सव्वा व्होल्ट भरला की तिने हात आखडता घ्यावा, कमी झाला की पुन्हा कामाला लागावे.

कागदावर हे सारे सुरेख होते. आम्ही वसईहून गाडी पकडून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून सामान आणले. प्रत्यक्षात पहिले मंडल तासाभरात इतके तापले की बोट ठेववेना. दोष आमचेच होते. घरात पडून असलेला साधा १एन४००७ डायोड आम्ही वापरला होता. तो ५० आवर्तनांच्या संथ जगातला प्राणी. बंद होण्यासच त्याला कित्येक मायक्रोसेकंद लागतात. तोवर कॅपॅसिटरमध्ये चढविलेली वीज उलट्या पावली परत येई. त्याच्या जागी ५० नॅनोसेकंदांत मिटणारा यूएफ४००४ घातला, तेव्हा ताप निम्मा झाला. उरलेला ताप मॉस्फेटचा. त्याला उघडावयास चकती समर्थ होती, पण मिटवावयास केवळ एक रोधक; दरवाजा रेंगाळत मिटे. एक लहान ट्रान्झिस्टर जोडून ते काम झटपट होऊ लागले, तेव्हा मॉस्फेट कोमट राहू लागला.

मग आला जागेचा प्रश्न. सारे भाग पट्टीवर बसवून पाहिले, तर पट्टी पेटीपेक्षा बोटभर लांब. येथे आमच्या मनात काटकसर शिरली. कॅपॅसिटर ४०० व्होल्टचा होता, तो जाडजूड. त्याऐवजी २५० व्होल्टचा घेतला. दाब १८० च्या वर जाणारच नाही, मग कशाला? दाब भलताच वाढला तर काम थांबविणारा झेनर डायोडचा पहारा आराखड्यात होता, तो वगळला. वीज बंद केल्यावर कॅपॅसिटर रिकामा करणारे रोधक होते, तेही वगळले. दाब मोजणाऱ्या साखळीतून तो आपोआप रिता होईलच, असा हिशेब केला. फ्यूजही काढून टाकला. पट्टी पेटीत चपखल बसली. आम्ही काका-पुतणे एकमेकांच्या पाठी थोपटू लागलो.

त्या रविवारी नळ्या जोडण्यापूर्वीची अखेरची परीक्षा चालली होती. नळ्यांच्या जागी १२ किलोओहमचा मोठा रोधक लावून मंडल तासभर चालविले, उत्तम चालले. मग पुतण्या म्हणाला, भार काढल्यावर किती दाब राहतो तेही पाहू. भार काढला. मीटरवर १८० होते. त्याने पट्टी किंचित सरकविली आणि आकडा एकदम तीनशेच्या पार गेला.

"काका, मीटर बिघडला वाटतं," असे म्हणत तो वाकला.

दोन-तीन क्षण गेले असतील. फटाका फुटावा तसा आवाज झाला. कॅपॅसिटरचे टोपण आमच्या चष्म्याच्या काचेवर आदळले आणि खोलीभर उग्र वास व कागदाचे कपटे पसरले. पुतण्याच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर लाल वळ उठला. दोन बोटे खाली असता तर डोळाच होता. पलीकडच्या खोलीत त्याची दीड वर्षाची मुलगी दचकून रडू लागली.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आधी मुलाचा चेहरा दिव्याकडे वळवून पाहिला. मग आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, आता हे पुरे. ह्यांची आठवण मला आहे. तिच्यासाठी घड्याळ नको." त्यांनी कधी आवाज चढविला असता तर आम्हाला उत्तर देता आले असते. त्या शांतपणाला उत्तर नव्हते.

काम थांबले. पण कारण शोधल्याखेरीज आम्हाला झोप येईना. भिंगाखाली पाहिले, तेव्हा साखळीतल्या वरच्या रोधकाच्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी बारीक वर्तुळाकार भेग दिसली. पट्टी सरकताच तो सांधा सुटला होता. सांधा सुटल्याबरोबर चकतीला दिसणारा दाब शून्य झाला. बिचारीला वाटले, अजून काहीच चढलेले नाही. म्हणून ती सर्व बळानिशी चढवीतच राहिली. तिने आपले काम चोख केले होते. तिचे डोळे मात्र आमच्या एका कच्च्या सांध्यावर अवलंबून होते, आणि ते मिटले तर काय, याचा पहारा आम्ही जागा नाही म्हणून वगळला होता. शिवाय त्याच साखळीवर कॅपॅसिटर रिता करण्याचा भार टाकलेला. ती तुटली, म्हणजे कॅपॅसिटर फुटला नसता तरी वीज काढल्यावरही भरलेलाच राहिला असता आणि उचलणाऱ्या हाताची वाट पाहत बसला असता. एकाच कडीवर आम्ही तीन कामे लादली होती. या दुर्घटनेत दैवाचा काही हात नव्हता.

महिना गेला. एके दुपारी वहिनी आमच्या टेबलाशी येऊन बसल्या. पेटी तेथेच होती. तिच्या कोपऱ्यावरून हात फिरवीत त्या म्हणाल्या, "हे घड्याळ एकदा लागलं होतं, भाऊजी."

आम्ही चकित झालो.

"शहाऐंशी सालची गोष्ट. एका रात्री ह्यांनी मला उठवलं. सहाच्या सहा आकडे पेटले होते. मी म्हटलं, किती छान! तर म्हणाले, छान आहे, पण ही वीज थेट भिंतीतून घेतली आहे. मोठा डबा मावत नाही म्हणून मध्ये काही ठेवलेलं नाही. आतल्या कुठल्याही तारेला हात लागला तर माणूस भिंतीतल्या विजेलाच शिवेल. तेव्हा हा," त्यांनी पुतण्याच्या खोलीकडे बोट केले, "नुकताच रांगू लागला होता. सगळीकडे हात घालायचा. ह्यांनी ते घड्याळ दहा मिनिटं पाहिलं, आणि त्याच रात्री सगळं सोडवून कापसात गुंडाळलं. म्हणाले, जे हवं ते ठेवून मावेल तेव्हा करू."

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग वहिनींनी विचारले, "आता मावेल का?"

आम्हाला बंधूंची कामाची पद्धत आठवली. उच्च दाबाच्या यंत्रात हात घालताना ते डावा हात नेहमी पाठीमागे किंवा खिशात ठेवीत. दोन्ही हात गुंतले तर प्रवाहाला हृदयावरून वाट मिळते, म्हणून. आम्ही त्याला त्यांची ऐट समजत होतो.

पट्टी नव्याने आखली. या खेपेस आधी पहारेकऱ्यांना जागा दिली आणि मग बाकीच्यांना. ४०० व्होल्टचा कॅपॅसिटर उभा मावत नव्हता, तो आडवा निजविला. त्याच्या पायांवरच २२० किलोओहमचे दोन रोधक जोडले, म्हणजे साखळी तुटली तरी तो पाच सेकंदांत २० व्होल्टच्या खाली यावा. १०० व्होल्टचे दोन झेनर एकापुढे एक लावून चकतीपर्यंत दुसरी, स्वतंत्र वाट दिली. साखळी आंधळी झाली तर दोनशे व्होल्टला हा दुसरा डोळा उघडावा. फ्यूज परत आला. मॉस्फेट, डायोड आणि कॅपॅसिटर यांना इतके जवळ आणले की उसळत्या प्रवाहाचे रिंगण नाण्याएवढे राहिले. त्याने जागाही वाचली आणि घड्याळाच्या चकतीला त्रास देणारा विजेचा गोंगाटही कमी झाला. उच्च दाबाच्या रेघा इतरांपासून दोन मिलिमीटर दूर ठेवल्या, आणि समुद्राकाठची खारट, दमट हवा ध्यानात घेऊन पट्टी स्वच्छ पुसून तिला वॉर्निश दिले. एवढे सगळे ठेवून मोजले, तर नवी पट्टी जुनीपेक्षा दोन मिलिमीटर आखूडच भरली! पहिल्या वेळी जागा नव्हती हे खरे नव्हते. आम्ही मांडणीचा कंटाळा केला होता आणि त्याला काटकसर म्हटले होते.

पेटी मिटण्यापूर्वी आम्ही वहिनींना बोलाविले. दोघांनीही डोळ्यांवर जाड चष्मे चढविले, कॅपॅसिटरवर उलटी वाटी ठेवली, आणि ज्या रोधकाने घात केला होता त्याचाच पाय मुद्दाम सोडवून वीज लावली. भार नव्हता. मीटरचा आकडा चढला, दोनशेवर आला आणि तेथेच थांबला. दहा मिनिटे आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो. मग वीज काढली. वहिनींनी मोठ्याने पाच अंक मोजले. मीटरवर १८ व्होल्ट उरले होते. "ठीक आहे," एवढेच म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. आम्हाला मिळालेल्या कोणत्याही प्रशस्तिपत्रकापेक्षा ते दोन शब्द मोलाचे वाटतात. सांधा पुन्हा पक्का केला, दोनदा भिंगाखाली पाहिला आणि मगच नळ्या बसविल्या.

घड्याळ आता वहिनींच्या कपाटावर आहे. पुढे काच आहे आणि पाठीमागचे फळकूट चार स्क्रूंनी घट्ट आवळलेले आहे. रांगणारीचे बोट कुठेही शिरत नाही. शेवटच्या नळीतला तीन सुरुवातीस अर्धाच उजळे. बरीच वर्षे न पेटलेल्या आकड्यावर असा मळ बसतो. नियमित पेटत राहिला की पुष्कळदा तो आपोआप झडतो. पुतण्याने पहाटे सगळे आकडे ओळीने पेटविण्याची सोय केली. सहा आठवड्यांत तो तीन पुरा झाला.

परवा रात्री नात आजीच्या मांडीवर बसून घड्याळाकडे पाहत होती. बारा वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. दोन आणि त्याच्या शेजारी तोच दोन, उलटा. ज्या कारागिरांनी एका आकड्याकडून दोघांचे काम घेतले, त्यांची ती काटकसर निर्दोष होती; त्यात कोणाच्या भुवईवर वळ उठणार नव्हता. आमची काटकसर तशी नव्हती. बंधूंना हा भेद १९८६ सालीच एका रात्रीत कळला होता. म्हणूनच त्यांनी ते घड्याळ तेव्हा पुरे केले नाही.